प्रवासातील क्षयरोग-संसर्ग : धोका आणि प्रतिबंध (नाशिक परिसर)

प्रवासात क्षयरोगाचा (टीबीचा) संसर्ग होण्याची शक्यता माणसे किती जमली यापेक्षा कोंदट हवेत किती तास काढले यावर ठरते. नाशिकला येणाऱ्या भाविकांना आणि नाशिकहून बाहेर पडणाऱ्यांना हा फरक माहीत असायला हवा. लोक धास्तावतात ते रामकुंडावरच्या गर्दीला. रात्री मात्र खिडक्या लावलेल्या सामायिक खोलीत निर्धास्त झोपतात. खरा धोका त्या खोलीत असतो.

संसर्ग कसा होतो

फुप्फुसाचा क्षय झालेली आणि औषध सुरू न झालेली व्यक्ती खोकते, शिंकते, मोठ्याने बोलते किंवा गाते तेव्हा तिच्या श्वासातून जंतू बाहेर पडतात. मोठे थेंब खाली पडतात. १ ते ५ मायक्रॉनचे कण मात्र काही तास हवेत तरंगतात आणि श्वासावाटे थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. म्हणून रुग्ण निघून गेल्यावरही ती हवा काही काळ धोक्याची राहते. खोलीतली हवा तासाला ६ वेळा बदलत असेल तर असे ९९ टक्के कण निघून जायला सुमारे ४६ मिनिटे लागतात; २ वेळाच बदलत असेल तर सव्वादोन तासांहून अधिक. उघड्यावर वारा हे कण पातळ करून टाकतो आणि ऊन जंतू मारते.

एका ताटात जेवल्याने, हात मिळवल्याने, चादर वापरल्याने किंवा एकाच कुंडात स्नान केल्याने फुप्फुसाचा क्षय पसरत नाही. रुग्णाची भांडी वेगळी ठेवण्याची रीत अजून बऱ्याच घरांत आहे. तिने रुग्ण दुखावतो आणि संरक्षण कुणाचेच होत नाही. तोंडावाटे संसर्गाचा एक मार्ग आहे तो कच्च्या दुधाचा: गुरांच्या क्षयाचा जंतू त्यातून येऊ शकतो, दूध उकळले की मरतो.

जंतू शरीरात शिरले म्हणजे आजार झाला असे नाही. संसर्ग झालेल्यांपैकी ५ ते १० टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी आजार होतो आणि त्यातल्या साधारण निम्म्यांना तो पहिल्या दोन वर्षांतच होतो. एचआयव्ही, मधुमेह, कुपोषण, मूत्रपिंड निकामी होणे, सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार), धूम्रपान, स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे यांमुळे हे प्रमाण वाढते. पाच वर्षांखालच्या मुलांत आजार लवकर आणि गंभीर रूपात येतो. बीसीजी लस मुलांना मेंदूच्या आणि सर्वांगात पसरणाऱ्या क्षयापासून चांगले संरक्षण देते. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयावर तिचा भरवसा धरता येत नाही. त्यामुळे प्रवासापूर्वी प्रौढांनी ती पुन्हा घेण्यात अर्थ नाही.

नाशिकमधील मुक्काम आणि गर्दी

रामकुंड, गोदाघाट, श्रावणातली ब्रह्मगिरीची फेरी ही सगळी उघड्यावरची गर्दी. धक्काबुक्की, उष्माघात किंवा पोटाचे विकार हे तिथले धोके आहेत. क्षयाचा धोका कमीच. मंदिरांतल्या बंदिस्त दर्शनरांगा मधल्या पायरीवर येतात, कारण तिथे माणसे तासन्‌तास एकाच छताखाली उभी असतात. सर्वांत वर मुक्कामाची जागा: भक्तनिवासातला हॉल, धर्मशाळेची दहा जणांची खोली, मजुरांची पत्र्याची शेड.

थंडीत हा धोका वाढतो. पौषात त्र्यंबकेश्वरला संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते, तेव्हा दिंड्यांचे मुक्काम दारे-खिडक्या लावून किंवा राहुटीच्या कनाती सोडून होतात. निफाड पट्ट्यातली थंडी पाहता ते समजण्यासारखे आहे. तरी समोरासमोरच्या दोन खिडक्या वीतभर उघड्या ठेवून जास्तीची घोंगडी घेणे परवडते. एकच खिडकी उघडली तर हवा फारशी हलत नाही. आत येण्याला आणि बाहेर जाण्याला दोन वाटा लागतात. पंखा असेल तर तो उघड्या खिडकीकडे तोंड करून ठेवावा, म्हणजे खोलीतली हवा बाहेर ढकलली जाते. छताचा पंखा बंद खोलीत तीच हवा ढवळतो.

२०२६-२७ च्या सिंहस्थासाठी येणाऱ्यांनाही हेच लागू आहे. स्नानासाठी एक दिवस येणाऱ्याने क्षयाची काळजी करू नये. तंबूंत आठवडेच्या आठवडे राहणारे साधू, स्वयंपाकी, सफाई कामगार, बंदोबस्ताचे पोलिस आणि आरोग्यसेवक यांची गोष्ट वेगळी. खोकणाऱ्यांची तपासणी त्यांच्यापासून सुरू व्हायला हवी. द्राक्षहंगामात पेठ, सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडला येणारी मजूर कुटुंबेही प्रवासीच असतात आणि त्यांचा मुक्काम चार दिवसांचा नसतो.

वाहने

खिडक्या उघड्या असलेली लालपरी बंद वातानुकूलित बसपेक्षा क्षयाच्या दृष्टीने चांगली. भाड्याच्या मोटारीत एसी लावायचाच असेल तर हवा आतल्या आत फिरवणारे बटण बंद ठेवावे आणि पुढची एक व तिरकी मागची एक काच दोन बोटे खाली घ्यावी. रेल्वेच्या वातानुकूलित डब्यात बरीचशी तीच हवा फिरते. नाशिक रोडहून मुंबईच्या काही तासांच्या प्रवासात त्याचे फार वाटायला नको, काशीपर्यंतच्या लांब प्रवासात वाटायला हवे. शेजारचा प्रवासी सतत खोकत असेल तर त्याला मास्क द्यावा आणि तिकीट तपासनिसाकडे दुसरी जागा मागावी. विमानातली हवा गाळणीतून जाते आणि वारंवार बदलते. म्हणून विमानात संसर्गजन्य रुग्ण होता असे नंतर कळल्यास साधारणपणे ८ तास किंवा अधिक काळाच्या उड्डाणातील, त्याच्याच आणि मागच्या-पुढच्या दोन-दोन रांगांतील प्रवाशांचाच शोध घेतला जातो.

मास्क

साधा सर्जिकल मास्क खोकणाऱ्याने लावला तर इतरांना फायदा होतो. स्वतःला वाचवायचे असेल तर एन-९५ लागतो, आणि तोही चेहऱ्याला घट्ट बसला तरच. एक पट्टा डोक्याच्या वरच्या भागावर, दुसरा मानेवर. नाकावरची तार दोन्ही हातांच्या बोटांनी दाबायची. मग मास्कवर तळवे धरून जोरात श्वास सोडायचा. डोळ्यांकडे किंवा गालांवर हवा जाणवली तर मास्क गळतो आहे. दाढीवर तो बसत नाही. धुतल्यास निकामी होतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलसर राहतो. कागदी पाकिटात ठेवावा. रात्रभर तो लावून कुणी झोपू शकत नाही, म्हणूनच मुक्कामाची खोली निवडणे मास्कपेक्षा महत्त्वाचे.

चाचण्या

भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांत क्षयाचा संसर्ग आढळला. त्यामुळे नाशिककराची मॅन्टू चाचणी (हाताच्या कातडीत टोचून संसर्ग झाला आहे का ते पाहणारी) होकारार्थी आली तरी संसर्ग या प्रवासातला की लहानपणीचा हे कळत नाही. क्षय कमी असलेल्या देशांतून येथे महिनोन्‌महिने राहायला किंवा रुग्णालयात काम करायला येणाऱ्यांना मात्र ती उपयोगी आहे: एकदा निघण्यापूर्वी आणि परतल्यावर ८ ते १० आठवड्यांनी. मॅन्टू ४८ ते ७२ तासांत मोजावी लागते आणि मोजायची असते ती गाठ, लाली नव्हे. गोवरासारखी जिवंत लस घ्यायची असल्यास दोन्ही एकाच दिवशी कराव्यात, नाहीतर लशीनंतर किमान ४ आठवडे थांबावे. मधल्या काळात चाचणी खोटी नकारार्थी येऊ शकते.

ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक राहण्याच्या व्हिसासाठी भारतीयांना मान्यताप्राप्त केंद्राचेच क्षय-प्रमाणपत्र लागते. गावातला एक्स-रे तिथे चालत नाही आणि प्रमाणपत्र ६ महिनेच चालते.

उपचार चालू असलेला प्रवासी

योग्य औषधे नियमित घेऊन किमान दोन आठवडे झाले, खोकला-ताप उतरला आणि डॉक्टरांनी मुभा दिली, की साध्या क्षयाच्या रुग्णाला सार्वजनिक वाहनाने जाता येते. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयात बेडक्याचे कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढतात का ते पाहणारी चाचणी) नकारार्थी येईपर्यंत थांबावे लागते. औषधे तुटणे ही प्रवासातली सर्वांत महागात पडणारी चूक, कारण त्यातूनच जंतू औषधांना निर्ढावतात. प्रवासाच्या दिवसांहून आठवडाभराच्या गोळ्या जास्त घ्याव्यात, त्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात आणि निक्षय क्रमांक (सरकारी क्षय-नोंदणीतला रुग्णाचा क्रमांक) लिहून घ्यावा. तो असला की देशातल्या दुसऱ्या सरकारी केंद्रात उपचार पुढे चालू ठेवता येतात. रिफाम्पिसिन या क्षयाच्या औषधाने लघवी केशरी होते, त्याला भिऊ नये. मात्र याच औषधाने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो.

परतल्यावर

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे किंवा बेडक्यात रक्त दिसले तर सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी मोफत होते. तोपर्यंत औषधाच्या दुकानातून लिव्होफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक आणून घेऊ नये: त्याने क्षयाची लक्षणे काही दिवस दबतात आणि निदान लांबते. बेडका देताना आधी साध्या पाण्याने चूळ भरावी, उघड्यावर जावे, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन छातीतून खोकावे. २ ते ५ मिलिलिटर पुरतो. नुसती थुंकी दिली तर चाचणी वाया जाते. सीबीनाट किंवा ट्रूनॅट यंत्रावर काही तासांत जंतू आहे की नाही आणि तो रिफाम्पिसिनला दाद देईल का, दोन्ही कळते. क्षय निघाला तर प्रवासात आपल्यासोबत एका खोलीत झोपलेल्यांना, आणि घरातल्या लहान मुलांना सर्वांत आधी, तपासणीसाठी पाठवावे. आजार नसलेल्यांना प्रतिबंधक औषध मिळते, ते ६ महिने रोज आयसोनायझिड किंवा आयसोनायझिड-रिफापेंटिन या जोडीचे आठवड्यातून एकदा असे १२ डोस.