इन्सुलिनची ‘सवय’ लागत नाही

टाइप १ मधुमेह झालेल्या मुलामुलींच्या घरी एक सल्ला हमखास येतो: ‘इन्सुलिन सुरू करू नका, एकदा सवय लागली की सुटत नाही.’ हा समज चुकीचा आहे आणि जिवावर बेतणारा आहे.

या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वादुपिंडातल्या बीटा पेशी नष्ट करते. इन्सुलिन तिथेच तयार होतं. जे शरीरात बनतच नाही ते बाहेरून द्यावं लागतं. यात व्यसन कुठून आलं? गोड खाल्ल्यानेही हा आजार होत नाही, तेव्हा आईला बोल लावणं थांबवा.

खरी फसगत पुढे होते. इन्सुलिन सुरू केल्यावर अनेकदा काही आठवड्यांत उरलेल्या बीटा पेशी थोड्या सावरतात आणि डोस बराच कमी होतो. डॉक्टर याला ‘हनिमून’ काळ म्हणतात. नेमका त्याच वेळी कुणीतरी सुचवलेला काढा चालू असतो. श्रेय काढ्याला जातं, इन्सुलिन बंद केलं जातं. पण हा काळ टिकत नाही. मग उलट्या, पोटदुखी, धाप, श्वासाला फळांसारखा वास. ही किटोअ‍ॅसिडोसिसची, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचल्याची, लक्षणं आहेत. तासभरही वाट न पाहता रुग्णालय गाठायचं.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी अशा मुलांना जवळपास उपाशी ठेवून दिवस ढकलले जात. आज ती शिकतात, नोकरी करतात, आईबाबा होतात. डबा खाण्याआधी इंजेक्शन घ्यायला कुठल्याही मुलीला शाळेच्या स्वच्छतागृहात लपावं लागू नये, एवढं शिक्षकांनी जरूर पाहावं.