डाग दिसतो, पिवळेपणा दिसत नाही

"टू-डी इको नॉर्मल आलाय, पेढे घेऊन ये," आत्या फोनवर म्हणाली. टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. तिला स्क्लेरोडर्मा आहे, म्हणजे त्वचा कडक करत जाणारा आजार, कागदोपत्री नाव सिस्टेमिक स्क्लेरोसिस. फ्रीजमधून दुधाची पिशवी काढली तरी तिची बोटं आधी पांढरीफटक, मग निळी आणि शेवटी लालबुंद होतात. मॉरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरने १८६२ सालीच हे लिहून ठेवलंय. पण आमच्याकडे आधी 'करणी' झाली, लिंबं उतरवली गेली आणि त्यात दोन महिने फुकट गेले.

पेढे नेले. फाईल मात्र मागून घेतली. ई.एफ. ६० टक्के. म्हणजे दर ठोक्याला डावा कप्पा स्वतःतलं ६० टक्के रक्त बाहेर ढकलतो. आकडा उत्तम, पण तो पंप किती ढकलतो एवढंच सांगतो. पंप कशाचा बनलाय, ते सांगत नाही. या आजारात त्वचेत साचतं तेच कोलॅजन (चिवट धाग्यांचं प्रथिन) हृदयाच्या स्नायूतही साचू शकतं. असा स्नायू आखडताना बरेच दिवस तक्रार करत नाही. सैल पडायलाच कुरकुरतो. रुग्णालाही फारसं जाणवत नाही. धाप लागली तर 'वय झालं' म्हणायला आपण मोकळे! युरोपातल्या रुग्णनोंदींवरचा एक मोठा अभ्यास २०१० साली आला. त्यात थेट या आजाराने झालेल्या मृत्यूंपैकी २६ टक्के हृदयामुळे होते.

बरं, अँजिओग्राफी? तीही बहुतेक वेळा स्वच्छ निघते, कारण तिच्यात मोठ्या रक्तवाहिन्या दिसतात आणि इथला घोळ केसासारख्या बारीक वाहिन्यांत असतो. १९८६ साली अमेरिकेत एक झकास प्रयोग झाला. रुग्णांना थंडीचा झटका देऊन हृदयाचा स्कॅन काढला, तर काहींच्या हृदयाच्या काही भागांचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता घटलेला दिसला. बोटांचं रेनो जणू छातीतही चाललं होतं.

मग हे पकडायचं कसं? ईसीजी, चोवीस तास ठोके टिपणारा होल्टर, रक्तातलं एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण सांगणारं) आणि ट्रोपोनिन (स्नायूची इजा सांगणारं) हे सगळं लागतंच. (ट्रोपोनिन टी हातापायांच्या स्नायूंना सूज असली तरी वाढू शकतं, म्हणून शंका आली की ट्रोपोनिन आय बघतात.) पण माझा जीव अडकलाय तो हृदयाच्या एमआरआयमध्ये.

चुंबकात आपल्या शरीरातल्या पाण्याचे हायड्रोजन अणुगर्भ एका दिशेला कलतात. रेडिओलहरीने त्यांना उलटं पाडलं की ते हळूहळू मूळ जागी येतात. या परतीच्या वेळेचं माप म्हणजे टी-वन, हृदयाच्या स्नायूत साधारण एक सेकंद. आता शिरेतून गॅडोलिनियम सोडायचं. औषधात ते विद्युतभारित अणूच्या, म्हणजे आयनाच्या रूपात असतं आणि त्या आयनात सात इलेक्ट्रॉन बिनजोडीचे असतात, त्यामुळे आसपासचं पाणी झपाट्याने परततं. आणि खरी गंमत म्हणजे गॅडोलिनियमचं हे औषध धडधाकट पेशीत शिरू शकत नाही, पेशींच्या मधल्या जागेतच फिरतं. विटांच्या भिंतीत फक्त विटांमधल्या फटींत पाणी मुरावं, तसं. निरोगी हृदयात ही जागा सुमारे पाव हिस्सा असते. कोलॅजन साचलं की या फटी रुंदावतात आणि गॅडोलिनियम तिथे जास्त साठून रेंगाळतं.

दहाएक मिनिटांनी चित्र घेताना तंत्रज्ञ असा क्षण निवडतो, की निरोगी स्नायूचा संकेत नेमका शून्यावर असेल. निरोगी भाग काळाकुट्ट, व्रण पांढरा. हार्ट अटॅकचा व्रण आतल्या कडेपासून सुरू होतो आणि एका रक्तवाहिनीच्या हद्दीत राहतो. स्क्लेरोडर्मातले व्रण भिंतीच्या मधोमध, कुणाचीच हद्द न पाळणारे.

पण पांढऱ्या धोतरावरचा डाग लगेच दिसतो. अख्खं धोतरच पिवळं पडलं तर? सगळ्या स्नायूत थोडं थोडं कोलॅजन पसरलं, तर तंत्रज्ञ त्या पिवळ्यालाच 'निरोगी' धरून काळं करतो आणि रिपोर्ट नॉर्मल! यावर उतारा म्हणजे तुलना सोडून मोजमाप करणं. चित्राच्या प्रत्येक ठिपक्याचा टी-वन मिलिसेकंदांत मोजायचा, गॅडोलिनियमच्या आधी आणि नंतर. दोन्हींचे व्यस्तांक काढून फरक घ्यायचा, रक्तातल्या तशाच फरकाने भागायचं आणि एक वजा हिमॅटोक्रिटने (रक्तातल्या तांबड्या पेशींच्या हिश्श्याने) गुणायचं. उत्तर येतं ते थेट पेशीबाहेरच्या जागेचं प्रमाण. (इथे कुणाला जांभई आली असेल तर क्षमस्व, मला हा भागाकार फार देखणा वाटतो.) हिमॅटोक्रिट कळावं म्हणूनच या तपासणीच्या दिवशी सीबीसीसाठी रक्त घेतात. 'संपूर्ण हार्ट पॅकेज, ४० टक्के सूट' वाल्या जाहिरातींत यातलं काही नसतं.

एक विचित्र योगायोगही सांगतो. मूत्रपिंडं निकामी असलेल्या काही रुग्णांची त्वचा जुन्या प्रकारच्या गॅडोलिनियम औषधांनी दगडासारखी कडक झाली, थेट स्क्लेरोडर्माची आठवण यावी अशी. हा संबंध २००६ साली लक्षात आला. स्क्लेरोडर्मात मूत्रपिंडंही बिघडू शकतात, म्हणून मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते सांगणारं आत्याचं क्रिॲटिनिन आधी तपासलं.

तपासणीच्या दिवशी अडचण आली ती भलतीच. एमआरआयची खोली थंडगार ठेवतात. आत्याची बोटं दारातच पांढरी पडली. तंत्रज्ञाने तिचे लोकरीचे हातमोजे उलटसुलट करून पाहिले, जरीचा धागा निघाला म्हणून बाजूला ठेवले, आणि स्वतःचे सुती पायमोजे बॅगेतून काढून तिच्या हातांत चढवले. "धुतलेले आहेत, काकू," तो म्हणाला. "आता श्वास धरा."