'नॉटिलस'चं निशाण आणि दोन इतिहास

30 जून 1815. जावा-सुमात्रामधली सुंदा सामुद्रधुनी, अंजेरचा किल्ला समोर. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या आरमारातलं, म्हणजे 'बॉम्बे मरीन'मधलं, 14 तोफांचं 'नॉटिलस' आणि अमेरिकेचं 22 तोफांचं 'पीकॉक' हाकेच्या अंतरावर आले. 1812 पासून ब्रिटन आणि अमेरिकेत युद्ध चालू होतं. 'नॉटिलस'वरून लेफ्टनंट चार्ल्स बॉइसने विचारलं, तह झालाय, ठाऊक आहे ना? अमेरिकन कप्तान लुईस वॉरिंग्टनला वाटलं, किल्ल्याच्या आडोशाला सटकण्यासाठी ही थाप. खरं बोलत असशील तर निशाण उतरव, असं त्याने बजावलं; निशाण उतरवणं म्हणजे शरणागती. बॉइसने साफ नकार दिला. तोफा सुटल्या आणि थोड्याच वेळात निशाण खाली आलं. बॉइसचा पाय कापावा लागला. पुढे कागदपत्रं बघून वॉरिंग्टनने जहाज सोडून दिलं.

तह खरोखरच झाला होता. आजच्या बेल्जियममधल्या घेंट इथे 24 डिसेंबर 1814 ला सह्या झाल्या, 17 फेब्रुवारीला अमेरिकेची मंजुरी मिळाली. बातमी शिडाच्या वेगाने जाणार हे ओळखून तहातच मुदती घातल्या होत्या: अमेरिकेच्या किनाऱ्यालगत 12 दिवस, विषुववृत्ताच्या दक्षिणेला अशा दूरच्या समुद्रात 90. ती मुदत 18 मेलाच संपली होती. त्यामुळे जहाज परत द्यायचं की नाही यावर वादच नव्हता. वाद होता वॉरिंग्टनला तहाचं कळलं कधी, यावर. तोफा सुटण्याआधी 'नॉटिलस'ची आणि बंदराची माणसं होडीने 'पीकॉक'वर गेली होती. इंग्रजांचं म्हणणं, त्यांनी तहाची खबर दिली तरी त्यांना गप्प खाली नेऊन ठेवलं. अमेरिकन बाजूचं म्हणणं, कप्तानापर्यंत वेळेत काही पोचलंच नाही. मायदेशी चौकशी झाली, तिच्यात वॉरिंग्टनवर ठपका आला नाही.

या युद्धाचा इतिहास इंग्रजांच्या बाजूने लिहिणारा विल्यम जेम्स हा पेशाने वकील. युद्ध पेटलं तेव्हा तो अमेरिकेत अडकला आणि कसाबसा कॅनडातल्या हॅलिफॅक्स या इंग्रजांच्या बंदराला निसटला. तो राग त्याच्या पानोपानी आहे. तोफा किती, गोळ्याचं वजन किती, माणसं किती, पोरं किती, सगळं मोजून तो आपल्या प्रत्येक हरण्याला कारण शोधतो. 1882 मध्ये तेवीस वर्षांच्या, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्टने त्याला पक्षपाती ठरवलं आणि स्वतःचे आकडे मांडले. वकिलाला वकील भेटला, इतकंच!

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. याच बॉम्बे मरीनशी झुंजलेले मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजी आंग्रे इंग्रजी कागदांत चाचे म्हणून येतात. दस्तक, म्हणजे समुद्रात फिरायचा परवाना, न घेता निघालेलं गलबत धरणं हा आपल्या लेखी सरखेलांचा हक्क, त्यांच्या लेखी दरोडा. (आपल्याकडेही आंग्र्यांवर लिहिताना लेखणी जरा जास्तच फुलते, ते असो.) 1951 पासून मुंबईतल्या नौदलाच्या तळाचंच नाव 'आयएनएस आंग्रे' आहे, आणि कंपनीची जहाजं जिथे बांधली जात ती गोदी तिथून हाकेच्या अंतरावर.

'नॉटिलस'च्या प्रकरणात मला अडते ती मृतांची नोंद. वॉरिंग्टनच्या अहवालात मेले ते 'सहा लस्कर'. लस्कर म्हणजे कंपनीच्या जहाजांवरचे देशी खलाशी. बॉम्बे मरीनला अशी माणसं रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून आणि घोघ्याकडून मिळत. इंग्रज बाजूने या वाक्याला हरकत घेतली, पण कशाला? तर सगळे लस्कर नव्हते, त्यांत युरोपीयही होते. बॉइसला कुठे गोळी लागली, गुडघ्याचं काय झालं, हे सविस्तर लिहिलेलं आहे. लस्करांचा आकडा मात्र एका बाजूने सहा आणि दुसऱ्या बाजूने त्याहून कमी.