तेल, लिंबू आणि तीन लाख कोटी थेंब

रविवारी सकाळी साडेनऊला भाचीचा व्हिडिओ कॉल आला. कसा आहेस वगैरे काही नाही, सरळ काचेचं भांडं कॅमेऱ्यासमोर. "मामा, फाटलं." भांड्यात पिवळ्या तेलाचं तळं, त्यात पांढरट कण आणि तळाशी लिंबाचं गढूळ पाणी. वाटीभर ऑलिव्ह तेल कामी आलेलं दिसत होतं.

ही तीन महिन्यांपासून पॅलिओ आहारावर आहे. म्हणजे धान्य नाही, डाळी नाहीत, दूधदुभतं नाही, साखर नाही, रिफाइंड तेल नाही. शेंगदाणा डाळींच्या कुळातला, म्हणून शेंगदाण्याचं तेलही बाद. आता भाजलेलं चिकन आणि वाफवलेला फ्लॉवर माणूस नुसता किती दिवस खाणार? तोंडीलावणं लागतंच. बाजारातल्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचली की साखर, सोयाबीन तेल, स्टार्च निघतात. म्हणून तोंडीलावणी घरीच करायची ठरलं आणि सुरुवात मेयोनीजपासून झाली. फोन मला, कारण मी नोकरीची सव्वीस वर्षं रंगाच्या कारखान्यात इमल्शन, म्हणजे एकमेकांत न विरघळणाऱ्या दोन द्रवांची मिश्रणं, सांभाळण्यात घालवली. तिचं एक भांडं फाटलं, आमच्याकडे अख्खी टाकी फाटायची.

पॅलिओबद्दल आधी दोन शब्द बोलून मोकळा होतो. बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या अमेरिकन संशोधकांनी १९८५ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात अश्मयुगीन आहारावर लेख लिहिला. पुढे २००२ मध्ये लोरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकानं त्याची लाट आणली. कल्पना अशी की शेती सुरू होण्याआधी माणूस जे खात होता तेच आपल्या शरीराला मानवतं. साखर आणि पाकिटातलं खाणं सुटलं तर कुणालाही बरं वाटेल, त्यासाठी गुहेत शिरायची गरज नाही. आणि गुहेतल्या माणसाला मेयोनीज माहीत असायचं कारणच नव्हतं. कोंबडी माणसाळली ती साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वी, तेलाचे घाणे आले शेतीनंतर. उलट जॉर्डनमध्ये चौदा हजार वर्षांपूर्वीच्या चुलीत भाकरीचे जळके तुकडे सापडलेत, म्हणजे शेतीच्याही आधीचे. हे सगळं मी भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "मामा, मेयोनीजचं सांग."

तर मेयोनीज.

साहित्य बघा. दोन अंड्यांचा पिवळा बलक, दोन मोठे चमचे लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, चमचाभर फेसलेली मोहरी आणि २०० मिलिलीटर तेल. यातला जवळजवळ प्रत्येक पदार्थ पातळ आहे. चांगलं जमलं तर मात्र त्यात चमचा उभा राहतो. पिठाचा कण नाही, आटवलेलं काही नाही, तरी पातळ अधिक पातळ बरोबर घट्ट. मला अजूनही याची गंमत वाटते.

तेल आणि पाणी मिसळत नाहीत हे शाळेत शिकलोय. पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरून असतात, हायड्रोजन बंधानं. तेलाच्या रेणूला धरायला हातच नाहीत, त्यामुळे पाणी त्याला आपल्या घोळक्यातून बाहेर ठेवतं. दोघांच्या सीमेवर एक ताण तयार होतो आणि तो सीमेचं क्षेत्रफळ कमीत कमी ठेवायला बघतो. म्हणून सांबारावरचे तेलाचे ठिपके गोल असतात आणि दोन ठिपके भेटले की एक होतात.

मेयोनीज करताना आपण नेमकं उलट करतो, सीमा वाढवत नेतो. किती, ते कागदावर मांडून बघू. २०० मिलिलीटर तेलाचा एकच गोळा केला तर त्याचा पृष्ठभाग सुमारे १६५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे दोन तळहातांएवढा. तेच तेल पाच मायक्रॉन व्यासाच्या थेंबांत फोडलं (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तर थेंब होतात सुमारे तीन लाख कोटी आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग २४० चौरस मीटर. जवळपास तीन बॅडमिंटन कोर्टं, एका वाडग्यात.

एवढी सीमा उघडी राहिली तर थेंब क्षणात एकमेकांत विरघळतील. इथे बलक कामाला येतो. त्यात लेसिथिन असतं. गोब्ले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं ते बलकातूनच वेगळं केलं आणि १८५० मध्ये बलकाच्या ग्रीक नावावरून त्याचं बारसं केलं. या रेणूचं डोकं पाण्यात रमतं आणि दोन शेपट्या तेलात. तो सीमेवर आडवा-उभा कसाही राहत नाही. शेपट्या थेंबात खुपसून, डोकं बाहेर काढून बसतो. असे असंख्य रेणू शेजारी शेजारी बसले की थेंबाला कवच मिळतं. बलकातली प्रथिनं हे कवच आणखी जाड करतात. मग दोन थेंब आपटले तरी एक होत नाहीत. मराठी पाठ्यपुस्तकात अशा मिश्रणाला 'पायस' म्हणतात. खिरीशी घोटाळा नको म्हणून मी इमल्शनच म्हणतो.

आता चमचा उभा का राहतो? फळवाल्याच्या गाडीवर मोसंब्यांची रास बघा. सारख्या आकाराचे गोल कितीही नीट रचले तरी ७४ टक्क्यांहून जास्त जागा भरत नाही, बाकी फटी. केप्लरनं १६११ मध्ये हा अंदाज केला आणि गणिती सिद्धता यायला १९९८ उजाडलं, टॉमस हेल्स यांच्या हातून. आपल्या कृतीत तेल तीन चतुर्थांशाच्या आसपास आहे, म्हणजे थेंब रास मोडेल इतके खच्चून भरलेत. लहान थेंब मोठ्यांच्या फटीत जाऊन बसतात आणि उरलेले एकमेकांना दाबून चपटे होतात. दादरला संध्याकाळी सहाच्या लोकलमध्ये चढलेल्या माणसासारखी त्यांची अवस्था, हलायला जागाच नाही. कुणीच हलू शकत नाही म्हणून आपल्याला ते घट्ट वाटतं.

यातूनच एक उफराटा नियम निघतो. मेयोनीज पातळ झालं तर आणखी तेल घालायचं आणि फार घट्ट झालं तर चमचाभर पाणी. स्वयंपाकघरात हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयानं बघतात.

मग भाचीचं फाटलं का? तिनं सगळं तेल एकदम ओतलं आणि व्हिस्क फिरवला. इथे मला थोडं खोलात जायचंय, कारण पुस्तकं 'थेंब थेंब घाला' एवढंच सांगून पुढे जातात.

थेंब जितका लहान तितका तो फोडायला अवघड, कारण सीमेच्या ताणामुळे त्याच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो. उघड्या तेल-पाण्याच्या सीमेचा ताण दर मीटरला ०.०२५ न्यूटन धरला तर पाच मायक्रॉनच्या थेंबाच्या आत वीस हजार पास्कल जादा दाब येतो, वातावरणाच्या दाबाचा पाचवा हिस्सा. लेसिथिन हा ताण बराच उतरवतं, तरी थेंब हट्टी राहतोच. शिवाय व्हिस्कची तार इतक्या लहान थेंबाला थेट फोडत नसते. तार भोवतालचा द्रव ओढते आणि तो द्रव थेंबाला दोन्हीकडून ताणून तोडतो. द्रव पातळ असेल तर तो थेंबाशेजारून नुसता निसटतो. घट्ट असेल तर थेंबाला धरून फाडतो.

पिठल्यासाठी बेसन कालवताना आजी काय करायची ते आठवा. आधी थोडंच पाणी घालून घट्टसर कालवायची, गुठळ्या मोडायच्या आणि मग हवं तेवढं पातळ करायची. एकदम तांब्याभर पाणी ओतलं तर गुठळ्या पाण्यात पोहत राहतात, कितीही ढवळा. भौतिकशास्त्र तेच आहे. सुरुवातीचं चमचाभर तेल बलकात थेंबाथेंबानं जिरलं की मिश्रण दाटतं आणि पुढच्या तेलाचे थेंब ते दाटलेलं मिश्रणच फोडतं. म्हणून पहिल्या पाव वाटीला जीव लावायचा. पुढे तेलाची बारीक धार चालते.

घाई केली तर दुसरंही एक संकट येतं. पाणी भोवती आणि तेल आत, की तेल भोवती आणि पाणी आत? दोन्ही शक्य असतं. बॅनक्रॉफ्ट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं १९१३ च्या सुमारास नियम मांडला की कवच करणारा पदार्थ ज्या द्रवात जास्त विरघळतो तो द्रव बाहेर राहतो. बलकाचा कल पाण्याकडे आहे, म्हणून पाणी बाहेर. पण तेलाचा लोंढा एकदम आला की घडी उलटते. तेल बाहेर, पाणी आत, आणि हाती पातळ तेलकट काला. साय घुसळून लोणी काढताना आपण ही घडी मुद्दाम उलटवतो. रवीला ते हवं असतं, व्हिस्कला नको असतं.

ऊर्जेचा हिशोबही करून ठेवलाय. कवच नसलेली २४० चौरस मीटर सीमा तयार करायला लागतात फक्त सहा ज्यूल. किलोभर साखरेची पिशवी जमिनीवरून साठ सेंटिमीटर उचलण्याएवढे. पाचशे वॉटचा मिक्सर मिनिटभरात तीस हजार ज्यूल खातो. बाकीचं सगळं ढवळण्यात आणि उष्णतेत जातं. हे सांगेपर्यंत भाचीनं फोन ओट्यावर ठेवला होता आणि मला फक्त छताचा पंखा दिसत होता.

फाटलेलं फेकू नका. स्वच्छ भांड्यात एक नवा बलक किंवा चमचाभर पाणी घ्या आणि फाटलेलं त्यात तेलासारखंच थेंबाथेंबानं घाला. भाचीचं असंच सावरलं. बहुतेक वेळा बलक कमी पडत नाही, तो कितीतरी जास्त तेलाला कवच देऊ शकतो. कमी पडतं ते थेंबांमध्ये उरायला लागणारं पाणी.

फ्रान्समध्ये एक जुनी समजूत होती की पाळी आलेल्या बाईनं हात लावला तर मेयोनीज फाटतं. वाचून हसू आलं आणि लगेच आमच्या घरातली लोणच्याची बरणी आठवली. 'त्या' चार दिवसांत बरणीला हात लावायचा नाही, लोणचं नासतं म्हणे. सात हजार किलोमीटर दूर, वेगळी भाषा, वेगळं तोंडीलावणं, आणि दोष मात्र तिथेही बाईच्या माथी. लोणचं नासतं ओल्या चमच्यानं आणि मीठ कमी पडल्यानं, मेयोनीज फाटतं तेल घाईनं ओतल्यानं. दोन्ही गोष्टी पुरुषांना उत्तम जमतात. मी स्वतः करून पाहिल्यात.

आता खरी भीती. मेयोनीज बातम्यांत येतं ते बहुधा बंदीमुळे. केरळनं जानेवारी २०२३ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी आणली, तेलंगणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूनं एप्रिल २०२५ मध्ये वर्षभरासाठी. कारण साल्मोनेला. हा जिवाणू न तडकलेल्या, धुऊन घेतलेल्या अंड्याच्या आतही असू शकतो, कोंबडीच्या अंडाशयातूनच येतो. 'गावरान अंडं आहे, काही होत नाही' यात तथ्य नाही. लिंबानं तो मरेल या भरवशावरही राहू नये. सोपा उपाय असा की बलक, लिंबाचा रस आणि चमचाभर पाणी एका वाडग्यात घेऊन उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर धरायचं आणि सतत ढवळत ७१-७२ अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचं. नुसता बलक एवढ्या तापमानाला गोठला असता. पाणी आणि आंबटपणामुळे प्रथिनं जरा उशिरा गोठतात, तेवढी सवलत पुरते. त्यासाठी स्वयंपाकाचा थर्मामीटर लागतो, बोटानं अंदाज नको. मग वाडगा गार पाण्यात ठेवायचा आणि नंतर तेल घालायचं. तरीही हे फ्रिजमध्येच ठेवायचं आणि दोन-तीन दिवसांत संपवायचं.

तेलाबद्दल एक इशारा. पॅलिओवाले खोबरेल तेलही सुचवतात. डिसेंबरात न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली कशी होते ते आठवा. २४ अंशांच्या आसपास ते थिजतं. फ्रिजमधून अशा मेयोनीजचा दगड निघतो, आणि गोठलेल्या तेलाचे स्फटिक कवचं टोचून फोडतात ते वेगळंच.

मोहरी फेसताना पाणी गारच घ्यावं. झणझणीतपणा दाण्यात तयार नसतो, दाणा फुटल्यावर एक विकर (एन्झाइम) तो घडवतं आणि कढत पाण्यात ते विकर मरतं. मोहरीच्या, विशेषतः पिवळ्या मोहरीच्या सालीतला चिकट पदार्थ मेयोनीजला आधार देतो तो बोनस. केचपचं फार सांगण्यासारखं नाही. टोमॅटो, व्हिनेगर, लसूण आणि साखरेऐवजी भिजवलेला खजूर घेऊन आटवत बसायचं. खजुरातली साखरही साखरच असते, पण हे मी भाचीला बोललो नाही.

तिला शेवटी एकच विचारलं की सोलकढी का करत नाहीस? कोकम, नारळाचं दूध, लसूण, मिरची, मीठ. धान्य नाही, डाळ नाही, साखर नाही, अंडंही नाही. आणि नारळाचं दूध हे आयतं इमल्शन आहे, तेलाचे थेंब आणि त्यांना नारळाच्याच प्रथिनांचं कवच. फक्त ते आंबटाला बिचकतं. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, चारच्या आसपास आला की या प्रथिनांवरचा विद्युतभार जवळपास शून्य होतो, थेंब एकमेकांना दूर ढकलेनासे होतात आणि गोळा होऊन वर येतात. म्हणून सोलकढी तासभर ठेवली की वर पांढरट थर आणि खाली गुलाबी पाणी दिसतं. ती फाटलेली नसते, थेंब नुसते गोळा झालेले असतात, एक झालेले नसतात.

"मग काय करायचं?" भाची.

"पळी घालून ढवळ आणि वाढ."