मालवण आणि द्रास, कोडच्या एकाच ओळीत

सिव्हिलच्या डिप्लोमाला काँक्रीट टेक्नॉलॉजी असते, त्यात थंड हवेतलं काँक्रीटिंग म्हणून एक छोटासा टॉपिक असतो, पोरं पाच मुद्दे पाठ करतात आणि पुढं जातात. शिकवायला घेतला की मागच्या बाकावरून हमखास येतं, "सर, आमच्याकडे खंय पडता बर्फ?" प्रश्न रास्त आहे. किनारपट्टीवर थंडी म्हणजे काय, तर जानेवारीत पहाटे दापोलीला पारा कधीतरी १० च्या आसपास येतो आणि लोक कौतुकानं मिनी महाबळेश्वर म्हणतात, बाकी रत्नागिरी-मालवणला स्वेटर कपाटातच पडलेला. कोड म्हणजे भारतीय मानकांची (आयएस) नियमांची पुस्तिका, तिच्या हिशोबानं थंडी म्हणजे ५ अंशांच्या खाली. आयएस ७८६१, भाग २, साल १९८१. भाग १ कडक उन्हाळ्याचा आहे, तो ४० अंशांच्या वर लागू होतो, म्हणजे आपण कोकणवाले बहुतेक वर्षभर दोन्ही भागांच्या मधेच लोंबकळत असतो.

तरीपण मला विचाराल तर अख्ख्या विषयात कोकणातल्या पोरांनी नीट वाचावा असा टॉपिक हाच. नोकरी कुठं लागेल सांगता येत नाही हे एक कारण आहेच, कोकण रेल्वे कॉर्पोरेशननंच काश्मीरच्या रेल्वेमार्गावर काम केलंय, चिनाबवरचा ३५९ मीटर उंचीचा पूल, २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाला तो. पण ते कारण बाजूला ठेवा. खरं कारण असं की काँक्रीटच्या पोटात काय चालतं ते थंडीत उघडं पडतं, आपल्याकडच्या उबदार हवेत ते झाकून जातं.

आपल्याकडे लोक विचारतात, "स्लॅब सुकला काय?" स्लॅब सुकत नाही हो. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक प्रक्रिया होते, हायड्रेशन म्हणतात तिला, त्यातून बारीक सुयांसारखे आणि चिकट जेलसारखे पदार्थ तयार होतात आणि ते वाळू-खडीला धरून ठेवतात. पाण्याखाली ओतलेलं काँक्रीटसुद्धा कडक होतं, नाहीतर खाडीत पुलाचे पाये उभे राहिलेच नसते. उलट कोवळं असताना काँक्रीट खरोखर सुकलं तर प्रक्रिया अर्धवट थांबते, म्हणून तर आपण स्लॅबवर आळी करून पाणी साठवतो, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळतो.

आता ही प्रक्रिया तापमानावर चालते. दह्याचं विरजण थंडीत लागायला वेळ लागतो ना, तसंच. ढोबळमानानं १० अंश उतरले की सेट व्हायचा वेळ जवळजवळ दुप्पट होतो. इंजिनिअर लोक यासाठी मॅच्युरिटी नावाचा हिशोब करतात, सोपा आहे, उणे १० अंशांना प्रक्रिया जवळपास बंद पडते असं धरायचं आणि तिथून वर किती अंश, किती दिवस, याचा गुणाकार करायचा. कोकणात सरासरी ३० अंश धरले तर उणे १० पासून ४० अंश, सात दिवसांचे झाले २८०. काँक्रीट ५ अंशांवर राहत असेल तर दिवसाला १५ च मिळतात, २८० व्हायला जवळपास १९ दिवस लागतात. म्हणजे आपला एक आठवडा आणि तिथले पावणेतीन आठवडे सारखे.

यावरून एक गोष्ट जाता जाता. आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटच्या मुख्य कोडमध्ये, सेंट्रिंग (ओतलेलं काँक्रीट धरणारा साचा आणि टेकू) काढायचं कोष्टक आहे, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी काढा, त्याहून मोठा असेल तर १४ दिवसांनी. हे सगळ्यांना पाठ. पण त्याला एक अट आहे की हवा १५ अंशांच्या खाली जात नसली पाहिजे आणि सिमेंट साधं पोर्टलँड असलं पाहिजे. पहिली अट आपण आरामात पाळतो, दुसरी सर्रास मोडतो, कारण आपल्याकडे दुकानात मिळणारी बरीचशी गोण फ्लाय अॅशवाली (कोळशाची राख) किंवा स्लॅगवाली (लोखंडाच्या भट्टीची मळी) असते, आणि ती सावकाश ताकद धरते. सेंट्रिंगवाल्याला प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायची घाई असते तो भाग वेगळा.

बरं, मग बर्फाळ भागात काँक्रीट करतात कसं? यातला मला सगळ्यात आवडणारा भाग गरम पाण्याचा आहे. खडी तापवायची म्हटलं तर ढिगाखाली वाफेचे पाइप वगैरे टाकावे लागतात, सिमेंट तर तापवतच नाहीत. पण पाणी तापवणं सोपं, आणि पाण्यात किलोमागे खडीपेक्षा किंवा सिमेंटपेक्षा साडेचार-पाच पट उष्णता मावते. हिशोब करून बघा. एका घनमीटरला ३५० किलो सिमेंट, १८५० किलो वाळू-खडी, सगळं ५ अंशांवर गारठलेलं, आणि १७५ लिटर पाणी फक्त ६० अंशांवर. मिश्रण तयार होतं जवळपास २० अंशांचं! पाणी एकूण वजनाच्या साडेसात टक्के पण नाही आणि सगळ्याला ऊब देतं (वाटेत थोडी उष्णता उडते ती धरली नाही, आणि वाळूत बर्फाचे गोळे असतील तर हिशोब बिघडतो). फक्त गरम पाणी थेट सिमेंटवर ओतायचं नाही, मिक्सरमध्ये आधी खडी आणि पाणी, सिमेंट नंतर, नाहीतर सिमेंट तिथल्या तिथं गोळे धरून बसतं.

आणि मग पहिले एक-दोन दिवस जपायचे. गोठलेल्या जमिनीवर ओतायचं नाही, ती वितळली की खाली बसते. फळ्यांचं सेंट्रिंग लोखंडी प्लेटांपेक्षा बरं, लाकूड ऊब धरतं. वर ताडपत्री, जाड ब्लँकेटं, कुठं कुठं आख्खा तंबू ठोकून आत हीटर. त्यातही हीटरचा धूर बाहेर गेला पाहिजे, कारण धुरातला कार्बन डायऑक्साइड कोवळ्या पृष्ठभागाशी प्रक्रिया करतो आणि नंतर त्या फरशीवरून हात फिरवला की पांढरी भुकटी निघते. जाड पाया स्वतःच्याच उष्णतेवर तग धरतो, हायड्रेशनमध्ये उष्णता बाहेर पडते ना, पण पातळ छज्जा बिचारा दोन्ही बाजूंनी गारठतो.

एवढी धडपड कशासाठी तर पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. काँक्रीट कोवळं असताना आतलं पाणी गोठलं तर नुकती जुळत असलेली वीण उसवते आणि शेवटची ताकद निम्म्यापर्यंत खाली येऊ शकते, मग नंतर कितीही क्युरिंग करा, म्हणजे पाणी मारा, ती भरून येत नाही. साधारण साडेतीन मेगापास्कल ताकद आली की एखाद्या वेळच्या गोठण्याला काँक्रीट दाद देत नाही. साडेतीन म्हणजे किती? एम २० प्रतीच्या काँक्रीटचा ठोकळा २८ दिवसांनी २० मेगापास्कल दाब घेतो, त्याचा जेमतेम सहावा भाग. तेवढं अंगात येईपर्यंत सांभाळायचं.

पण कडक झालेल्या काँक्रीटलाही पुढं वर्षानुवर्षं त्रास होतो तो वेगळाच, आणि इथून आपल्या गल्लीत यायला सुरुवात होते. सिमेंटला पूर्ण प्रक्रियेसाठी त्याच्या वजनाच्या साधारण ४० टक्के पाणी पुरतं. साइटवर काय होतं? माल घट्ट वाटतो, घमेल्यातून सरकत नाही, गवंडी ओरडतो "पाणी मार जरा", मिक्सरवाला बादली उपडी करतो. त्या जास्तीच्या पाण्याला काम नसतं, ते हळूहळू निघून जातं आणि जाताना मागं केसांहून बारीक नळ्यांचं जाळं ठेवून जातं. लडाखमधल्या बर्फाळ द्रासला त्या नळ्यांत पाणी शिरतं, रात्री गोठतं, दिवसा वितळतं, पापुद्रे सुटत जातात. म्हणून तिकडे मुद्दाम अतिसूक्ष्म हवेचे बुडबुडे काँक्रीटमध्ये धरतात, गोठणाऱ्या पाण्याला फुगायला जागा मिळावी म्हणून. मालवणला त्याच नळ्यांतून मीठ आत जातं.

आयएस ४५६ मधलं हवामानाच्या तीव्रतेचं कोष्टक काढा. अतितीव्र अशा ओळीत काय लिहिलंय बघा, समुद्राच्या पाण्याचे तुषार बसणारं काँक्रीट आणि ओलं असताना कडाक्यानं गोठणारं काँक्रीट, दोन्ही एकाच ओळीत! गावांची नावं कोड लिहीत नाही पण अर्थ तोच, बंदराजवळचं घर आणि हिमालयातला पूल यांना पथ्य एकच: कमीत कमी एम ३५, पाणी सिमेंटच्या ०.४५ पटीपेक्षा जास्त नाही, सिमेंट निदान ३४० किलो, सळईवर ५० मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचं आवरण. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात तर याहून कडक. आणि आपण गावात एम २० ची वाडवडिलांपासूनची १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) लावतो, कव्हरला खडीचा तुकडा सरकवतो आणि वर म्हणतो हल्लीच्या सिमेंटात दम नाही.

आता खरी गंमत. थंडीत सेटिंग लवकर व्हावं म्हणून जुन्या पुस्तकांत एक स्वस्त औषध सांगितलेलं असतं, कॅल्शियम क्लोराइड, सिमेंटच्या २ टक्क्यांपर्यंत. काम करतं, शंकाच नाही. पण ३५० किलोचे २ टक्के म्हणजे ७ किलो, आणि पूर्ण कोरडं धरलं तर त्यात क्लोराइड साधारण साडेचार किलो. सळई असलेल्या काँक्रीटमध्ये घनमीटरला क्लोराइडची मर्यादा किती? ०.६ किलो. सातपटीनं ओलांडली! तुलनेला, समुद्राच्या पाण्यात लिटरला १९ ग्रॅमच्या आसपास क्लोराइड असतं, तुम्ही १७५ लिटर खारं पाणी वापरून माल कालवलात तर ३.३ किलो जातं. म्हणजे पुस्तकातलं ते औषध खाडीच्या पाण्यापेक्षाही खारट. परीक्षेत लिहायचं असेल तर लिहा, पण पुढं 'फक्त सळई नसलेल्या काँक्रीटसाठी' एवढं जोडा, पेपर तपासणारा शहाणा असेल तर खूश होईल.

क्लोराइड करतं काय? काँक्रीट अल्कधर्मी असतं, पीएच साडेबाराच्या वर, त्यात सळईवर एक अदृश्य संरक्षक थर धरतो आणि सळई गंजत नाही. क्लोराइड त्या थराला ठिकठिकाणी भोकं पाडतं, मग आत पाणी आणि हवा मिळाली की गंज सुरू, आणि गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा खातो. काँक्रीट दाब सोसतं, ताण नाही, त्यामुळं आतून फुगवलं की फुटतं. समुद्राकडं तोंड असलेल्या कुठल्याही वीस-पंचवीस वर्षांच्या घराचा छज्जा खालून बघा: आधी सळईच्या रेषेत केसासारखी चीर, मग त्यातून तपकिरी ओघळ, बोटाच्या पेरानं ठोकलं तर पोकळ आवाज, आणि एक दिवस बशीएवढा पोपडा खाली. आत सळई पुस्तकाच्या पानांसारखी सुटी झालेली, नखानं पापुद्रा निघतो. वरून प्लास्टर आणि रंग मारून काही होत नाही, सळईमागपर्यंत खरवडून, साफ करून मगच दुरुस्ती.

घराचा छज्जा तरी परवडला. पणजीत मांडवीवरचा नेहरू पूल १९७० च्या सुमारास झाला आणि ५ जुलै १९८६ ला पडला, आतल्या ताणलेल्या तारा गंजून गेल्या होत्या. प्रीस्ट्रेस्डमध्ये तारा आधीच प्रचंड ताणात असतात, गंजून थोड्या बारीक झाल्या तरी तुटतात, म्हणून तिथं क्लोराइडची मर्यादा आणखी कमी, ०.४ किलो.

सिमेंटच्या निवडीत मात्र द्रास आणि मालवण उलटे आहेत. तिकडे लवकर ताकद घेणारं, जास्त उष्णता देणारं सिमेंट हवं, स्लॅगवालं तिथं गारठून बसतं. आपल्याकडं उलट स्लॅगवालं किंवा फ्लाय अॅशवालं चांगलं, सावकाश असलं तरी नळ्यांचं जाळं बारीक करत जातं आणि मीठ लवकर आत पोचत नाही. उबदार हवा आपल्याकडं फुकट आहे, त्याला फक्त जास्त दिवस पाणी मारायला लागतं, कोड अशा सिमेंटला निदान १० दिवस सांगतो. चौथ्या दिवशी आळी सुकलेली दिसते ती बघून जीव तुटतो. रेतीचंही तेच, खाडीची असेल तर गोड्या पाण्यानं धुतल्याशिवाय सळईच्या कामाला नको, आणि किनाऱ्याच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं तेव्हा एकदा लॅबमध्ये देऊन बघावं, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर क्लोराइड असेल तर सळईच्या कामाला चालत नाही.

आणि मे महिन्यातच ते थंडीतलं औषध कोकणात खरोखर येतं. थंडीमुळं नाही, पावसामुळं! सात जून डोक्यावर आलेला असतो, चाकरमानी सुट्टी संपवून मुंबईला निघायच्या आत स्लॅब बघायचा म्हणून बसलेले असतात, मग कोणीतरी 'लवकर सेट होणारं लिक्विड' घेऊन येतो. ३४ अंशांत खरं तर त्याची गरजच नसते, काँक्रीट आधीच घाईत असतं, जास्त घाई केली तर भेगाच मिळतात. तरी वापरायचंच असेल तर कॅन उलटा करून लेबल वाचा, क्लोराइड-फ्री असं लिहिलंय का, नसेल तर दुकानदाराकडून कंपनीचा कागद मागून घ्या, आणि त्यानं "सगळे हेच नेतात" असं सांगितलं तर कॅन परत ठेवा.