गर्भाशयमुखाचा प्रगत कर्करोग : लसीका ग्रंथींतील प्रसाराचे मूल्यमापन

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचार ठरवण्याआधी रोग लसीका ग्रंथींपर्यंत (लसीका हा द्रव गाळणाऱ्या शरीरातील छोट्या गाठींपर्यंत) पोचला आहे का, आणि पोचला असल्यास किती वर गेला आहे, हे पाहण्याची प्रक्रिया. मूळ गाठ मोठी असेल किंवा आजूबाजूच्या ऊतींत शिरली असेल, तर सहसा गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया करत नाहीत. किरणोपचार, त्यासोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे कर्करोगविरोधी औषध आणि मग ब्रॅकीथेरपी, म्हणजे गाठीलगत किरणस्रोत ठेवून दिलेले किरण, असा क्रम असतो. किरणांच्या क्षेत्राची वरची हद्द ग्रंथींवरून ठरते. ती चुकून खाली आखली गेली, तर वर राहिलेला रोग उपचाराविनाच राहतो.

रोग बहुधा पायरीपायरीने वर चढतो. आधी गर्भाशयमुखाच्या बाजूच्या व श्रोणीतील (कमरेच्या हाडांच्या पोकळीतील) मोठ्या रक्तवाहिन्यांलगतच्या ग्रंथी, मग सामाईक श्रोणिधमनीलगतच्या, त्यानंतर महाधमनीच्या दोन्ही बाजूंच्या आणि क्वचित डाव्या गळपट्टीच्या हाडामागची ग्रंथी. श्रोणी मोकळी सोडून थेट महाधमनीलगत रोग सापडणे विरळ. म्हणूनच श्रोणीतील ग्रंथी बाधित दिसल्या, की वरच्या ग्रंथींबद्दलचा संशय वाढतो.

पूर्वी या कर्करोगाचा टप्पा मुख्यतः हाताने केलेल्या तपासणीवर ठरत असे. ग्रंथींना त्यात स्थान नव्हते. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने (फिगो) २०१८ मध्ये ही उणीव दूर केली. आता फक्त श्रोणीतील ग्रंथी बाधित असल्यास टप्पा ३सी१ आणि महाधमनीलगतच्या बाधित असल्यास ३सी२ होतो. निष्कर्ष स्कॅनवरून काढला असल्यास पुढे ‘आर’ आणि सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीवरून असल्यास ‘पी’ लिहितात. हे एक अक्षर महत्त्वाचे आहे, कारण दोन्ही पुराव्यांचे वजन सारखे नाही.

सीटी आणि एमआरआय मुख्यतः आकारावर विसंबतात. आडवा व्यास साधारण १० मिलिमीटरहून जास्त असल्यास ग्रंथी संशयास्पद मानतात. पण लहान ग्रंथीतही रोग असू शकतो आणि मोठी ग्रंथी नुसती सुजलेलीही असू शकते. पेट-सीटीत किरणोत्सारी ग्लुकोज टोचतात. कर्करोगाच्या पेशी ते अधिक शोषतात, त्यामुळे आकाराने साधी दिसणारी ग्रंथीही उजळून दिसते. मात्र क्षयरोग किंवा इतर संसर्गानेही ग्रंथी उजळते. शिवाय हे द्रव्य लघवीवाटे बाहेर पडत असल्याने महाधमनीजवळून उतरणाऱ्या मूत्रवाहिनीतला ठिपका ग्रंथीसारखा भासतो. तो ठिपका स्कॅनचे एकेक काप मागेपुढे पाहून नळीच्या रेषेत येतो का, हे तपासावे लागते. उलट कर्करोगाच्या पेशींचा ५ मिलिमीटरहून लहान पुंजका पेट-सीटीला बहुधा दिसत नाही. पेट-सीटीत महाधमनीलगतचा भाग स्वच्छ असलेल्या रुग्णांतही शस्त्रक्रियेत सुमारे दहातल्या एकीच्या ग्रंथींत रोग आढळतो. श्रोणीतील ग्रंथी उजळलेल्या असतील, तर हे प्रमाण आणखी जास्त.

ही उणीव भरून काढण्यासाठी काही केंद्रे दुर्बिणीतून महाधमनीलगतच्या ग्रंथी काढून तपासतात. पोटातील अवयवांभोवतीच्या पडद्याबाहेरून गेल्यास आतडी चिकटण्याचा आणि पुढे किरणांची इजा होण्याचा धोका कमी राहतो. याचा जगण्याला फायदा होतो का, यावर मात्र एकमत नाही. तैवानमधील २००३ च्या चाचणीत शस्त्रक्रियेने टप्पा ठरवलेल्या स्त्रियांचे निकाल उलट वाईट आले. जर्मनीतील ‘यूटेरस-११’ चाचणीत अनेकींचा टप्पा वर सरकला, तरी एकूण रुग्णांत रोगमुक्त जगण्यात लक्षणीय फरक पडला नाही. त्यामुळे ही शस्त्रक्रिया सरसकट करणे समर्थनीय वाटत नाही. ज्या रुग्णाचा उपचार तिच्या निष्कर्षाने खरोखर बदलेल तिच्यासाठीच ही शस्त्रक्रिया ठेवावी, आणि शस्त्रक्रियेपायी किरणोपचार लांबू देऊ नयेत.

महाधमनीलगत रोग सिद्ध झाला, की किरणांचे क्षेत्र मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्यांच्या पातळीपर्यंत वाढवतात आणि बाधित ग्रंथींना जादा मात्रा देतात. लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, म्हणजे ग्रहणी, अगदी लगत असल्याने ती मात्रा किती वाढवायची यावर मर्यादा येते. गळपट्टीच्या हाडामागची ग्रंथी संशयास्पद असल्यास सुईने पेशी काढून खात्री करतात. तिथे रोग आढळला तर टप्पा ४बी, म्हणजे दूरवर पसरलेला रोग, ठरतो आणि उपचाराचा हेतूच नव्याने ठरवावा लागतो.

उपचारानंतरचा पेट-सीटी साधारण ३ महिने थांबून करतात. लवकर केल्यास किरणांमुळे आलेली सूजच उरलेला रोग वाटू शकते.