रॉक बँडफुटीचा काळ (१९६८–७२)

१९६८ ते १९७२ या पाच वर्षांत ब्रिटन आणि अमेरिकेतले अनेक आघाडीचे रॉक व पॉप बँड एकामागोमाग एक फुटले. यार्डबर्ड्स, बफेलो स्प्रिंगफील्ड आणि क्रीम १९६८ मध्ये, जिमी हेंड्रिक्स एक्सपिरियन्स १९६९ मध्ये, बीटल्स आणि सायमन अँड गारफंकल ही जोडी १९७० मध्ये, तर क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल १९७२ मध्ये. डायना रॉसने सुप्रीम्ससोबतचा शेवटचा कार्यक्रम जानेवारी १९७० मध्ये केला आणि लू रीड त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हेल्व्हेट अंडरग्राउंडमधून बाहेर पडला. लोक ऐकेनासे झाले म्हणून बंद पडलेले बँड यांत थोडेच. बीटल्स, क्रीम आणि सायमन अँड गारफंकल फुटले तेव्हा त्यांच्या तबकड्या धडाक्याने खपत होत्या.

या फुटींची कारणे सहसा स्वभाव, बायका आणि अमली पदार्थ यांत शोधली जातात. भांडणे खरीच होती, पण ती १९६३ मध्येही होती. मधल्या काळात बदलले ते काम. साठच्या दशकाच्या सुरुवातीला बँड म्हणजे एका गाडीत बसून रोज नव्या गावी वाजवणारी चार-पाच पोरे. मिळकत कार्यक्रमांची, आणि कार्यक्रमाला सगळे लागतात. पुढे मिळकतीचा व प्रतिष्ठेचा भार लाँग प्ले तबकडीवर आला. बीटल्सनी २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला शेवटचा तिकीट लावलेला कार्यक्रम केला आणि नंतर ते स्टुडिओतच राहिले. एकावर एक ध्वनिपट्टी चढवता येऊ लागल्यावर गाणे रचणाऱ्याला बाकीचे तिघे एकाच वेळी खोलीत असण्याची गरज उरली नाही.

याचा एक पुरावा मुंबईतला आहे. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन येथील एचएमव्हीच्या स्टुडिओत ‘वंडरवॉल’ चित्रपटाच्या संगीतासाठी आला. या तबकडीच्या वादकांत संतूरवर शिवकुमार शर्मा होते, बासरीवर एस. आर. केंकरे. त्याच मुक्कामात त्याने ‘द इनर लाइट’ या गाण्याचे वाद्यसंगीतही ध्वनिमुद्रित केले. गायन नंतर लंडनमध्ये चढवले. मार्चमध्ये ते बीटल्सच्या नावाने बाजारात आले, पण त्यात वाजवणारा एकही हात बीटल्सपैकी कोणाचा नव्हता. फूट अजून दोन वर्षे लांब होती.

दुसरे कारण पैशांच्या वाटणीचे. कार्यक्रमाचे पैसे सर्वांत वाटले जात. गीत-संगीताचे हक्काचे पैसे मात्र ज्याचे नाव गाण्याखाली छापले त्याच्याकडे जात. त्यामुळे एकाच बँडमध्ये एक श्रीमंत आणि दुसरा नोकरदार अशी स्थिती येई. क्रीमच्या बहुतेक स्वतःच्या गाण्यांवर बासवादक-गायक जॅक ब्रूस आणि कवी पीट ब्राउन यांची नावे आहेत. त्या गाण्यांतल्या आपल्या कामाचा मोबदला आपल्याला मिळाला नाही, ही ढोलवादक जिंजर बेकरची तक्रार आयुष्यभर टिकली. बीटल्समध्ये लेनन आणि मॅकार्टनी यांच्यापुढे हॅरिसनच्या वाट्याला तबकडीमागे एक-दोन गाणी येत. साठत गेलेली गाणी त्याने नोव्हेंबर १९७० मध्ये बाहेर काढली, तेव्हा त्यांना तीन तबकड्या लागल्या.

बीटल्स नेमके कधी फुटले, याची उत्तरे चार आहेत. २० सप्टेंबर १९६९ रोजी लेननने एका बैठकीत आपण सोडत असल्याचे सांगितले, पण करार पक्के होईपर्यंत गप्प राहायचे ठरले. १० एप्रिल १९७० रोजी मॅकार्टनीच्या निवेदनावरून वर्तमानपत्रांनी फूट जाहीर केली. त्यामुळे आधी सोडलेला लेनन नव्हे, तर बोललेला मॅकार्टनी लोकांच्या लेखी घरभेदी ठरला. ३१ डिसेंबर १९७० रोजी मॅकार्टनीने लंडनच्या उच्च न्यायालयात उरलेल्या तिघांविरुद्ध दावा लावला. आणि कायद्याने भागीदारी संपली ती ९ जानेवारी १९७५ रोजी.

दावा मित्रांवर का? व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन २७ ऑगस्ट १९६७ रोजी बत्तिसाव्या वर्षी वारला, आणि त्याच्या जागेवर तिघांनी अॅलन क्लाइनला आणले. मॅकार्टनीला आपले सासरे ली ईस्टमन हवे होते. १९६७ च्या भागीदारी करारानुसार गीतलेखन सोडून प्रत्येकाची मिळकत, अगदी एकट्याने काढलेल्या तबकडीचीसुद्धा, एकाच सामायिक खात्यात जात होती. क्लाइनच्या हातून सुटायचे तर ती भागीदारीच मोडावी लागणार होती. मार्च १९७१ मध्ये न्यायालयाने रिसीव्हर, म्हणजे वादातली मालमत्ता सांभाळणारा त्रयस्थ, नेमला. लेननची बायको योको ओनो हिच्यावर फुटीचे खापर फोडणाऱ्यांनी हा दावा एकदा तरी वाचायला हवा.

बँड संपला तरी त्याचे नाव आणि करार जिवंत राहत, आणि गमती (त्या सोसणाऱ्यांना अर्थातच गमती नव्हत्या) तिथेच आहेत. यार्डबर्ड्स फुटले तेव्हा स्कँडिनेव्हियातले कार्यक्रम कबूल करून झाले होते. त्यांच्या गिटारवादकाने, जिमी पेजने, नवी माणसे जमवून सप्टेंबर १९६८ मध्ये ‘न्यू यार्डबर्ड्स’ म्हणून ते पार पाडले. जुन्या सहकाऱ्याने नावाला हरकत घेतल्यावर त्याच संचाचे नाव लेड झेपलिन झाले. झोंबीज हा ब्रिटिश बँड तर १९६७ च्या अखेरीसच फुटला होता. त्यांचे ‘टाइम ऑफ द सीझन’ अमेरिकेत गाजले ते १९६९ मध्ये, आणि बिलबोर्ड या संगीत-साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. गाणे आहे, पण कार्यक्रम करायला बँड नाही! मग त्या नावाने तोतये बँड अमेरिकाभर हिंडू लागले. टेक्सासातल्या अशा एका संचात डस्टी हिल आणि फ्रँक बिअर्ड होते, जे पुढे झीझी टॉपमधून प्रसिद्ध झाले.

सर्वांत कडवट प्रकरण क्रीडन्सचे. त्यांनी एकट्या १९६९ मध्ये तीन लाँग प्ले तबकड्या काढल्या. गाणी जवळजवळ सगळी जॉन फॉगर्टीची, निर्णयही त्याचेच. थोरला भाऊ टॉम कंटाळून १९७१ च्या सुरुवातीला निघून गेला. उरलेल्या दोघांनी लेखन-गायनात वाटा मागितला, तो १९७२ च्या ‘मार्डी ग्रास’ या तबकडीत त्यांना मिळाला, आणि समीक्षकांनी ती झोडपली. ऑक्टोबरमध्ये बँड संपला. जुन्या गाण्यांचे हक्क मात्र फँटसी या कंपनीकडे राहिले. तिने पुढे फॉगर्टीवर त्याच्याच जुन्या गाण्याची चोरी केल्याचा दावा लावला. साक्षीच्या वेळी तो कोर्टात गिटार घेऊन बसला आणि १९८८ मध्ये जिंकला. वकिलांच्या खर्चाचा वाद १९९४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा समावेश झाला, त्या समारंभात त्याने जुन्या साथीदारांबरोबर वाजवायला नकार दिला. टॉम १९९० मध्येच वारला होता.

फुटलेल्या बँडांतल्या नामवंतांनी एकत्र येऊन ‘सुपरग्रुप’ काढायचे, ही टूम याच काळातली. बर्ड्समधला डेव्हिड क्रॉस्बी, बफेलो स्प्रिंगफील्डमधला स्टीफन स्टिल्स आणि हॉलीजमधला ग्रॅहम नॅश यांनी आपल्या बँडला नुसती आडनावे दिली; नावावरून भांडण व्हायला जागाच ठेवली नाही. क्रीममधला गिटारवादक एरिक क्लॅप्टन आणि बेकर यांनी स्टीव्ह विनवुडसोबत काढलेला ब्लाइंड फेथ ७ जून १९६९ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये पहिल्यांदा वाजला आणि वर्ष संपायच्या आत विरला.

क्रीमने २६ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये निरोप घेतला होता. मे २००५ मध्ये तिघे त्याच सभागृहात चार रात्री एकत्र वाजले. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला गेले, आणि तिथे ब्रूस आणि बेकर यांचे पुन्हा वाजले.